चौदाव्या पानावरची सही

रशियातल्या झारेच्नोयेच्या काचकारखान्यात अग्निया सव्विच्नाची नक्कल कुणालाही करता यायची. खांदे किंचित उचलायचे, ओठ घट्ट मिटायचे आणि समोर मेलेली घूस पडली आहे अशा नजरेनं बघायचं. नक्कल करणाऱ्यांना हसू येई, पण खुद्द ती समोर आली की पोरीबाळी हात पुसून उभ्या राहत. अठ्ठेचाळीस वर्षांची, उंच, हाडकुळी बाई. तपासणी खात्यात तिची सही झाल्याशिवाय मोठा आरसा कारखान्याबाहेर पडत नसे.

तिला शिसारी फार लवकर येई. घासायच्या लोखंडी तव्याला लावलेल्या डांबरात कुणी सिगारेटचं थोटूक विझवलं, भिंगं पुसायच्या मद्यार्कात पाणी घालून कुणी कमी पडलेलं माप पुरं केलं, की ती तो तवा नाहीतर ती बाटली तिथल्या तिथं बाहेर काढायला लावी. तो मद्यार्क कुठं जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवराही तोच प्यायचा. पिण्याबद्दल तिनं त्याला नऊ वर्षं माफ केलं. पण एकदा बाटली रिकामी करून त्यानं नोंदवहीत 'दोनशे भिंगं पुसली' असं लिहिलं आणि ती भिंगं तिनं धुळीनं माखलेली पाहिली. त्याच आठवड्यात त्याचं सामान दाराबाहेर गेलं. "पिणारा माणूस चालतो," ती शेजारणीला म्हणाली होती, "पण त्यानं त्या धुळीवर सही केली."

दुसऱ्या महायुद्धात कारखाना उरल पर्वताकडं हलवला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिथं तोफांच्या दुर्बिणींचे लोलक घासताना तिनं पहिल्यांदा पाहिलं, की मुकादम घाईच्या दिवसांत लोलक उजेडात धरून बघतसुद्धा नाही, नुसती त्यावर फुंकर घालतो आणि 'पास' म्हणतो. त्या फुंकरीचा वास, कांद्याचा आणि कुजक्या दाताचा, तिला पुढं आयुष्यभर ओळखू येत राहिला. माणसं बदलली तरी वास तोच.

एकोणीसशे त्र्याहत्तर साली कारखान्यात अडीच मीटर रुंदीचा आरसा तयार होत होता. दक्षिणेकडं आर्मेनियाच्या डोंगरात एक वेधशाळा अकरा वर्षं त्याची वाट पाहत होती. असा आरसा घासायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तो मोजायला लागतो. माणसाच्या केसाची जाडी घेतली, तिचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाचीही चूक दूरच्या ताऱ्याला पसरट करते. ती चूक डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. ती दाखवणारी यंत्रं असतात, आणि यंत्रंही आपसांत भांडतात. म्हणून वरून हुकूम आला होता: कारखान्यातल्या तिन्ही यंत्रांनी आरसा मोजा, तिन्हींची तुलना करा, कोणावर भरवसा ठेवायचा ते लिहून द्या. हे काम अग्नियाकडं आलं.

पहिलं यंत्र म्हणजे साधं दाढीचं पातं. बारीक छिद्रातून आरशावर उजेड सोडायचा, तो परत येऊन जिथं एका टोकावर गोळा होतो तिथं पातं आडवं सरकवायचं. मग आरशावर सावल्या उमटतात. कुठं उंचवटा, कुठं खळगा, ते सरावलेल्या डोळ्याला कळतं. दुसरी भोकांची थाळी. आरशावर चारशे भोकांचा पत्रा ठेवायचा आणि परतणाऱ्या उजेडाच्या ठिपक्यांचा काचेच्या पट्टीवर फोटो घ्यायचा. जो ठिपका जागा सोडून पडला, त्याच्या खालचा आरसा तिरका. तिसरं नवंकोरं, लेझरवालं. त्यात काळेपांढरे पट्टे दिसत आणि पट्टे सरळ आले की आरसा बरोबर. कामगार त्याला पट्टेवालं म्हणत. मोठ्या आरशाचा खोलगटपणा साध्या वाटीसारखा नसतो, म्हणून पट्टेवाल्यापुढं एक खास जोडभिंग बसवावं लागे. आरशाच्या वळणाची नेमकी भरपाई ते भिंग करायचं.

आरसा बावीस मीटर उंच मनोऱ्याच्या तळाशी तोंड वर करून पडलेला असे आणि यंत्रं माथ्यावर. मनोऱ्यात माणूस शिरला की त्याच्या अंगाच्या उबेनंच हवा थरथरते. त्यामुळं अग्निया जाड लोकरी नमद्याचे बूट घालून एकटी वर जाई आणि हवा निवळेपर्यंत दोन-दोन तास न हलता बसून राही. मग मोजी. ठिपक्यांच्या पट्ट्या खाली आणून सूक्ष्मदर्शकाखाली चारशे ठिपके एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मोजायचे. असं तिनं चार महिने केलं.

ऑगस्टपर्यंत चित्र स्पष्ट झालं. पट्टेवालं म्हणत होतं, आरसा निर्दोष. पातं म्हणत होतं, कड खाली गेली आहे. भोकांची थाळी म्हणत होती, कड खाली गेली आहे. आणि थोडीथोडकी नाही, केसाच्या हजार भागांतले चार.

तिनं आधी स्वतःवरच संशय घेतला. थाळी पाव वळसा फिरवून पुन्हा फोटो काढले. तिखोनला बोलावलं. हा तिच्याच वयाचा घासणारा, आठ महिने या आरशावर हात फिरवत होता. पट्टेवाल्यानं दाखवलं तसं घासत गेला होता. तिनं त्याला आकडे न सांगता ठिपके मोजायला बसवलं. त्याचेही आकडे तेच आले.

"पात्याची आणि थाळीची एकमेकांशी ओळखपाळखसुद्धा नाही," तिखोन म्हणाला. "दोन अनोळखी माणसं एकच खोटं कशाला बोलतील?"

"पट्टेवालं खोटं बोलत नाही. त्याला कुणीतरी पढवलंय," ती म्हणाली.

"मग ते जोडभिंग बघ. आईचा चष्मा आहे तो, सव्विच्ना. त्यातून वाकडं पोरही सरळ दिसतं."

तिनं जोडभिंग चौकटीतून काढलं. त्याच्या कडेवर भट्टीच्या घाण्याचा आकडा कोरलेला होता, तीनशे अठरा. हिशेबाच्या कागदांत मात्र दोनशे एक्क्याण्णवच्या काचेचा गुणधर्म धरला होता. ती भट्टीखात्यात गेली, जुनी वही मागितली. दोनशे एक्क्याण्णवच्या काचेत पाकासारख्या तारा निघाल्या म्हणून ती फेकली होती आणि तिच्या जागी तीनशे अठराची घेतली होती. दोन्ही काचा उजेड जवळपास सारखाच वाकवत. फरक होता तो चौथ्या दशांश स्थानावर. अग्नियानं नऊ दिवस हातानं गणित मांडलं. त्या फरकानं कड जेवढी उतरायला हवी होती, बरोबर तेवढीच उतरली होती.

तिनं चौदा पानांचा अहवाल लिहिला. नवव्यापासून तेराव्या पानापर्यंत तिन्ही यंत्रांची तुलना, तक्ते, जोडभिंगाची कहाणी. चौदाव्या पानावर दोन ओळी आणि सही.

मुख्य अभियंता वालेरियान ओसिपोविच त्या वेळी जेवत होते. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर तेलातल्या छोट्या माशांचा डबा, काळ्या पावाची चकती, कांदा. अग्निया उभी राहिली. त्यांनी माशाचं शेपूट चोखलं, त्याच बोटांनी तिची काचेची पट्टी उचलून खिडकीकडं धरली, आणि जिथं कडेचे ठिपके होते नेमका तिथंच त्यांचा तेलकट अंगठा उमटला. मग बोट जिभेला लावून त्यांनी अहवालाची पानं उलटली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला एक ओला डाग.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. पातं आजीच्या काळातलं, थाळी मामाच्या काळातली. नवं यंत्र लेझरचं, सगळ्या जगात आता तेच वापरतात. जुन्या यंत्रांची चूक मोठी असते हे कुणीही कबूल करेल, तेव्हा ती तुलनेतून गाळावीत. क्रांतीच्या वर्धापनदिनाआधी आरसा गाडीत चढायला हवा.

"जुन्या यंत्रांची चूक मोजलेली आहे," अग्निया म्हणाली. "सहाव्या पानावर आहे. आरशाची चूक तिच्या चौपट आहे."

"सव्विच्ना, तुम्ही दाढीच्या पात्यावर विश्वास ठेवता?"

"दाढी झाली की राहिली, ते पात्याला कळतं."

ते हसले. दातांत माशाचा काटा होता. ती पट्टी घेऊन तडक हात धुण्याच्या खोलीत गेली. पट्टी तिनं मद्यार्कानं तीनदा पुसली. अहवाल मात्र टेबलावरच राहिला. ही तिची चूक झाली.

खरी शिसारी अजून यायची होती. जोडभिंगाचं गणित ज्या हिशेब खात्यानं मांडलं होतं, त्याचा प्रमुख रोदिओन हा तिचाच शिष्य. बावीस वर्षांचा असताना तो कारखान्यात आला, तेव्हा पातं सरकवताना त्याचा हात थरथरायचा. तिनं त्याचं मनगट धरून शिकवलं होतं. तिच्याकडं जेवायला यायचा, तिला काकू म्हणायचा. आता अडतीस वर्षांचा, टक्कल पडू लागलेला, शहराबाहेर फळबागेचा तुकडा असलेला. रविवारी ती तिथं गेली. तो मातीच्या बरणीत अळंबी मिठात दाबत होता. नखांखाली काळी घाण, बरणीच्या तोंडावर बुळबुळीत पाणी सुटलेलं.

"काकू, बसा. मागच्या वर्षीची काढतो, चव बघा."

ती उभीच राहिली. "तीनशे अठराची काच. तुला कधी कळलं?"

 त्यानं अळंबीवर दगड ठेवला, हात पँटला पुसले. "मार्चमध्ये," तो म्हणाला.

"मार्चमध्ये. तिखोन आठ महिने घासत होता त्याच्या मध्यावर."

"तेव्हा सांगितलं असतं तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. मला वाटलं, फरक बारीक आहे, चालून जाईल. त्याच महिन्यात खातं माझ्याकडं येणार होतं. तुम्हाला माहीत आहे ना, मला दोन मुलं आहेत."

"मी मुलांचं विचारलं नाही."

"तुम्हाला लिहायचं तर लिहा. मी नाही म्हणणार नाही."

"पण हो तरी म्हणशील का?"

 एक गोगलगाय बरणीच्या काठावर चढत होती. त्यानं ती बोटानं उडवून दिली आणि तेच बोट पुन्हा पँटला पुसलं. अग्निया फाटकाकडं वळली. बस यायला तासभर होता, पण त्या बागेत उभं राहणं तिला नको झालं. रस्ताभर तिला आपल्याच उजव्या हाताचा विटाळ वाटत होता. याच हातानं तिनं त्याचं मनगट धरलं होतं.

ऑक्टोबरच्या अखेरीस आरसा गेला. सभागृहात लाल कापड लावून समारंभ झाला, अग्नियाला प्रशस्तिपत्र आणि काचेची फुलदाणी मिळाली. व्यासपीठावरून वालेरियान ओसिपोविच म्हणाले, की आमच्या सर्वांत कडक तपासनिसाच्या सहीनं हा आरसा रवाना होत आहे. ती चमकली. तिनं सही केली होती ती आरसा नाकारणाऱ्या अहवालावर. दुसऱ्या दिवशी दप्तरखान्यातल्या बाईकडून तिनं मंजूर झालेली प्रत मागून घेतली. पहिली आठ पानं तिचीच. नऊ ते तेरा दुसऱ्याच टंकयंत्रावर नव्यानं टंकलेली. त्यात पातं नव्हतं, थाळी नव्हती, सगळीकडं सरळ पट्टे. चौदावं पान तिचं. त्यावरच्या दोन ओळी, वरची मोजमापं आणि निष्कर्ष आपण तपासले आहेत एवढंच सांगणाऱ्या, कुठल्याही आरशाला लागू पडतील अशा होत्या. आणि सही अस्सल होती.

ती खोटी असती तर तिला राग आला असता. खरी असल्यामुळं तिला घेरी आली. दप्तरखान्याच्या पायऱ्यांवर बसून तिनं डोकं गुडघ्यात घातलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, बाईला बरं नाही.

तिनं मंत्रालयाला पत्र लिहिलं. ते पत्र, जसं होतं तसं, तीन आठवड्यांत वालेरियान ओसिपोविचच्या टेबलावर परत आलं. कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत. तिची प्रकृती बघता तिला हलकं काम द्यावं असं ठरलं आणि चष्म्याच्या भिंगांच्या खात्यात पाठवण्यात आलं.

वसंतात रजा मिळताच तिनं काचेच्या अठरा पट्ट्या लोकरी परकरात गुंडाळून पेटीत घातल्या आणि दक्षिणेकडं जाणारी गाडी पकडली. चौथ्या दिवशी ती वेधशाळेच्या डोंगरावर पोचली. तिथला दुर्बिणीचा प्रमुख वारुझान नाझारेत्यान हा साठीचा, जाड भुवयांचा माणूस. कोण आलंय हे कळताच त्यानं आधी तिच्यापुढं लवाशची पातळ रोटी, चीज आणि ओली कोथिंबीर ठेवली, आणि ती खाईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग त्यानं कपाटातून ताऱ्यांचे फोटो काढले. भिंगातून तिनं पाहिलं. टिंबासारखा असायला हवा तो तारा पिकून कापूस फुटलेल्या रानटी दुधाणीच्या फुलासारखा होता, भोवती मळकट केसाळ कडं.

"कडेचा उजेड," ती म्हणाली.

"दुसऱ्या आठवड्यातच ओळखलं होतं आम्ही."

"मग कळवलं का नाही?"

वारुझाननं खांदे उडवले. आरसा उत्तम आहे अशी पोच त्यांच्या संचालकानं पेटी उघडायच्या आधीच दिली होती. अकरा वर्षं वाट पाहिल्यावर नाही म्हणायची कुणाला हिंमत नव्हती, आणि संचालकाला पदक मिळालं होतं. वारुझान तिला घुमटात घेऊन गेला. अडीच मीटरच्या आरशाच्या कडेवर चहूकडून काळ्या कापडाचं कडं शिवून बसवलं होतं, तंबूसारखं, बायकांनी हातानं शिवलेलं. मधला पावणेदोन मीटरचा भाग तेवढा उघडा. तिखोननं आठ महिने घासलेली कड कापडाखाली झाकून होती, जशी घरातली वेडी बाई पाहुण्यांपासून झाकतात.

"मला वाटलं होतं, चोर फक्त आमच्याकडं आहेत," अग्निया म्हणाली.

"आमचे तर पाहुणचारही करतात," वारुझान म्हणाला. तो हसत नव्हता.

तिनं पेटी उघडली. दोघांनी तीन दिवस पट्ट्या पाहिल्या. आरशाची कड कुठं किती उतरली, ते चारशे ठिकाणी लिहिलेलं होतं. असं टिपण हाती असलं तर आरसा पुन्हा घासता येतो. पण त्यासाठी कारखान्यात पाठवायचा म्हणजे चूक कबूल करायची. कबूल कोणी करणार नव्हतं. मग वारुझानला युक्ती सुचली. दर तीन-चार वर्षांनी आरशावरचा चांदीसारखा मुलामा काढून नवा चढवावाच लागतो. तेव्हा आरसा खाली उतरतो. त्या काळात तळघरात कोण काय करतं, हे विचारायला संचालक खाली येत नाही.

तसंच झालं. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात अग्निया आणि तिखोन रजा जोडून अकरा आठवडे त्या डोंगरावर राहिले. तिखोननं डांबराचा लहान तवा घेऊन आरशाचा मधला भाग हातानं झिजवला. कड उचलता येत नाही, मध्य खाली आणावा लागतो. रोज सकाळी दोन तास घासणं, मग दिवसभर आरसा निवू देणं, मग पातं आणि थाळी. आता या दोन यंत्रांच्याच साक्षीवर काम होतं, आणि त्या दोन्हींचं जमत होतं. तिखोन कुरकुरे, की आपण चोरासारखे तळघरात बसून बरोबर काम करतोय. आरसा पुन्हा चढला तेव्हा वारुझाननं काळं कडं उसवून टाकलं. पहिल्या फोटोत तारे टिंबाएवढे आले. कुणी भाषण केलं नाही. कागदोपत्री त्या उन्हाळ्यात फक्त मुलामा बदलला होता.

पुढच्याच वर्षी ते फोटो मोठे करून झारेच्नोयेच्या कारखान्याच्या फाटकावर लावले गेले: आमचा आरसा, पहिल्या दिवसापासून निर्दोष. अग्निया रोज त्याखालून कामाला जाई. तोंड फिरवायची सोय नव्हती. फाटक एकच होतं.

एक्क्याऐंशीत वालेरियान ओसिपोविच निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर रोदिओन बसला. एका दुपारी तो चष्म्याच्या खात्यात आला, तिच्या टेबलाशी उभा राहिला. आता कारखान्यात तीन मीटरचा आरसा करायला घ्यायचा होता. भरपाईसाठी तेच जोडभिंग पुन्हा वापरायचं असं आराखड्यात होतं, कारण कागदोपत्री ते उत्तम होतं. त्याला ते थांबवायचं होतं, पण स्वतःच्या तोंडानं नाही. तीन यंत्रांच्या तुलनेवर एक लेख छापू, असं तो म्हणाला. दोघांच्या नावानं. जुनी कुणाची चूक असं न लिहिता, अभ्यासात असं आढळलं, असं लिहू.

"कुणाच्या अभ्यासात?" तिनं विचारलं.

"आपल्या."

 तिला त्याला दाराबाहेर घालवायचं होतं. तो वाट बघत उभा होता, डोक्यावर आता एकही केस नव्हता. त्याच्या मागं खिडकीतून तो मनोरा दिसत होता. तिथं उद्या कुणीतरी तिखोन आठ महिने खोट्या पट्ट्यांवर हात झिजवणार होता.

"माझी पाच पानं जशीच्या तशी जातील," ती शेवटी म्हणाली. "एक आकडा इकडचा तिकडं नाही. आणि जोडभिंगाची काच पुन्हा मोजायची, भट्टीच्या वहीवरून नाही, काचेवरून."

"चालेल, काकू."

"काकू म्हणू नकोस."

लेख छापून आला. त्याचं नाव आधी, तिचं नंतर. जोडभिंग नव्या काचेचं केलं आणि ते पात्याशी व थाळीशी ताडून पाहिल्याशिवाय वापरायचं नाही असा नियम झाला. तिखोननं मासिक तिच्या टेबलावर आणून ठेवलं, पण ते पंधरा दिवस तिथंच पडून राहिलं.

"त्या माणसाशेजारी आपलं नाव तुला सहन कसं होतं?" त्यानं एकदा विचारलं.

"होत नाही," ती म्हणाली, आणि पुढचं चष्म्याचं भिंग उजेडात धरलं. "तीन मीटरच्या कडेचे आकडे आले का? आले की मला सांग."